समुद्र दिसणारी खोली

३ मार्च, सोमवार

सकाळी अकरा वीसला मोठ्या आनंदात इथे येऊन पोहोचले आणि अकरा चाळीसला माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात सगळी नोकरी काढली. ज्या तक्रारीवर वेळ नसते ती थेट टोपलीत जाते, हे मी नाही तर कोण सांगणार!

आनंद आधी सांगते. गाडीने वळण घेतलं आणि समोर थेट समुद्र. संशोधन केंद्र म्हणजे एक पांढरी दुमजली इमारत, खाली प्रयोगशाळा, वर राहायच्या खोल्या. चिमणी धावत खाली आली. चिमणी म्हणजे माझी भाची. ताई गेल्यावर मीच तिला वाढवलं. आता ती मोठी शास्त्रज्ञ आहे आणि स्वयंपाकाच्या नावाने शून्य आहे. तिनेच पत्रात लिहिलं होतं की मावशी, ये आता कायमची, तुझ्यासाठी समुद्र दिसणारी खोली ठेवली आहे.

ती खोली शेवाळाला दिलेली आहे.

होय, शेवाळाला. केंद्राच्या प्रमुखांना मी दाढीवाले म्हणणार आहे, कारण दाढीपलीकडे त्यांच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. त्यांनी हसत हसत सांगितलं की प्रयोगाला जागा कमी पडली. मला शेजारची कोठी. तिला खिडकी नाही. दार उघडलं की अरुंद बोळ आणि बोळापलीकडे चिमणीची खोली. बरं, शेवाळाच्या खिडकीवर जाड काळा पडदा! म्हणजे समुद्र ना मला, ना शेवाळाला. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, याला हल्ली संशोधन म्हणतात.

५ मार्च, बुधवार

चिमणीने प्रयोग समजावून सांगितला. पसरट पांढरे ट्रे, त्यात समुद्राचं पाणी, पाण्यात हिरवं शेवाळ, ओल्या रेशमाच्या चिंधीसारखं पातळ. त्याच्या अंगावर जंतूंचा थर असतो. मी नाक मुरडलं तर म्हणते, मावशी, त्या जंतूंशिवाय हे पान पान राहत नाही. तेच त्याला सांगतात की असा हो, एवढा रुंद हो. जंतू काढून घेतले की शेवाळ आपला आकार विसरतं आणि त्याचा नुसता गोळा होतो. मी म्हटलं, यात नवल काय, आमचे कितीतरी साहेब असेच होते. हाताखालची माणसं रजेवर गेली की गोळा.

दाढीवाल्यांना बघायचं आहे की उन्हातल्या अतिनील किरणांनी यातले कोणते जंतू मरतात आणि कोणते तगतात. त्यासाठी ट्रेवर एक दिवा टांगला आहे. तो लागतो तेव्हा खोलीत कोणी थांबायचं नाही. दिवा बंद झाल्यावर ट्रे दिवसभर अंधारात, कारण अर्धमेले जंतू साध्या उजेडात स्वतःची दुरुस्ती करून घेतात म्हणे. म्हणून तो पडदा.

मला काही हे पटलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पहाटे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि म्हणायच्या, ऊन आलं की रोगराई गेली. सिस्टरना दाढी नव्हती, अक्कल होती.

८ मार्च, शनिवार

सकाळी दिवा बंद झाला की दोघंही किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायला जातात. मी चहाचा कप घेऊन शेजारच्या खोलीत जाते, पडदा सारते आणि समुद्र बघत बसते. ते परतायच्या आत पडदा जागेवर. यात चोरी कसली? खोली मला लेखी कबूल केलेली आहे. बशी ट्रेच्या काठावर छान बसते. पाणी थोडं हिंदकळतं, बोटांना लागतं, पुसून टाकायचं.

पडदा इतका कळकट होता की काल गरम पाण्यात धुऊन वाळवून लावला. वीतभर आटला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. शास्त्रज्ञ ना!

कप धरताना माझी करंगळी बाहेर राहते, म्हणून चिमणी मला राणीसाहेब म्हणते. राणी कसली, लहानपणी दारात सापडून ती कायमची वाकडी झाली आहे. चिमणी म्हणते, मावशी, तुझी तर टकटकसुद्धा वाकडी. एक टक आणि मागोमाग करंगळीचा अर्धा टक. तेवढं ऐकलं की ही शाळेत असल्यापासून कोण म्हणून न विचारता कडी काढते.

१३ मार्च, गुरुवार

शेजारच्या खोलीत गडबड आहे. जंतू मरेनासे झाले. रोज दिवा लागतो आणि रोज ते जास्तच जोमाने वाढतात. ट्रेवर नारिंगी साय धरली आहे. चिमणी काळजीत, दाढीवाले मात्र हवेत. नवी जात सापडली म्हणे! आता तिला स्वतःचं नाव देणार. दाढीचं की आडनावाचं, ते विचारायचं राहिलं.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. शेवाळाने एका बाजूला माना वळवल्या आहेत. उजेडाकडे वळलं असतं तर समजू शकले असते. ते माझ्या खुर्चीकडे वळलं आहे.

उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. इथला साबण हलका असणार.

१७ मार्च, सोमवार

ट्रेमधल्या पानांना चिरा पडल्या आहेत. प्रत्येक पानाला पाच. दाढीवाले फोटो काढत सुटले आहेत. हा माणूस इतका शिकला आणि त्याला पाचपर्यंत मोजता येत नाही!

पाच बोटं. हिरवी, अर्धवट मुठीत, जशी कपाच्या कानाभोवती असतात तशी. आणि सगळ्यांची शेवटची वाकडी.

चिमणीसमोर हात पदराआड ठेवला. माझी करंगळी आज सरळ आहे. दुखत नाही. वाकवली तर कुठेही वाकते.

१९ मार्च, बुधवार

सकाळी शेजारच्या खोलीत गेले नाही. तरी चिमणीला कळलं. डॉक्टरला दाखवायला म्हणून चिमणीने माझा हात धरला आणि सोडून दिला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली आहेत. नखं नाहीत. मऊ. कणकेचा गोळा जसा.

पडदा उघडत होते, हे सांगावं लागलं. दाढीवाले ओरडले की जंतूंना त्यांनी रोज मारायचं आणि मी रोज उजेड देऊन जगवायचं, असं चाललं होतं. जे उरले ते कशानेच मरणार नाहीत. शेवाळाला आकार सांगणारे जंतू आता माझा आकार शिकले आहेत, आणि तो सांगता सांगता माझ्याकडून काढून घेताहेत. मी म्हटलं, दारावर तशी लेखी सूचना होती का? नव्हती. मग आवाज खाली ठेवा.

चिमणी रडत होती. तिने हातमोजे घातले होते, नेहमीच घालते. देवाची कृपा.

२० मार्च, गुरुवार

उजेडात त्यांना बळ येतं, म्हणून मी अंधारात. कोठीला खिडकी नाही याचा शेवटी उपयोग झाला. लिहायचं तर दाराखालच्या फटीशी वही धरावी लागते. थोडंच लिहीन. डाव्या हाताने. सिस्टरनी छडी मारली असती.

दाढीवाले मुख्य कार्यालयात गेले आहेत, शनिवारी येतील. मी सांगितलं होतं, ते ट्रे जाळून टाका. नवी जात आहे, जपायला हवी, म्हणाले. खोलीला कुलूप लावून गेले. पडदा ओढून घेतला, असंही म्हणाले.

पडदा वीतभर आटलेला आहे. हे सांगायचं राहिलं —

२१ मार्च, शुक्रवार, सकाळ

चिमणी दाराबाहेर बसून बोलते. मी आतून हूं म्हणते. ओठ उघडायला त्रास होतो. बशी त्याच काठावर ठेवत होते ना, आणि तोच कप —

तिला म्हटलं, जा, जरा झोप. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही तिचा. गेली. कडी लावल्याचा आवाज आला. गुणी पोर.

शेजारी पाणी सांडल्यासारखा आवाज. मग दुसरा, जड. काठावरून काहीतरी उतरल्यासारखा.

कुलूप आहे. पण कुलपाने काय होणार, ज्याला आकार नाही ते दाराखालून —

तीच तारीख, बाराच्या सुमारास

ओठ नाहीत. हाक मारता येत नाही. पायांचाही गोळा झाला आहे, उठून दार उघडता येत नाही.

बोळात ओलं काहीतरी सरकलं. फटीतून हिरवं दिसलं. मग फटीत पाऊल दिसलं. टाच. माझी टाच. बोळात खिडकीचं ऊन आहे, उन्हात ते पुन्हा —

माझ्या दाराशी थांबलं नाही. चिमणीच्या दाराकडे वळलं.

टक. आणि अर्धा टक.

चिमणे. हे पान फाडून बोळातून तुझ्या दाराखाली सारते आहे. दार वाजवते आहे ती मी नाही. मी कोठीत आहे. तक्रारीची वेळ, बारा वाजायला दहा कमी. लेखी उत्तर हवं, बाराच्या आत, याच कागदावर, दाराखालून. तोंडी नको, हाकेला ओ देऊ नको. एक शब्द पुरे, वाचलं म्हणून. मला कळू दे की तू वाचलंस —

पुन्हा टक. अर्धा टक. तुझी चादर सरकल्याचा आवाज. उठलीस. उठू नको. मावशी, आले हं, म्हणालीस —

आधी खाली बघ. पायाशी कागद आहे. चिमणे, खाली बघ, कडीला हात लावू न