गव्हातलं उलटं कडं

३ मे
आजपासून रोज लिहायचं. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली.
संकल्प: कापणी होईपर्यंत गव्हातल्या वर्तुळांचे आकाशातून फोटो. रातोरात उभा गहू गोल आडवा पडतो; कोणी म्हणतं परग्रहवासी, कोणी म्हणतं टवाळखोर. बेरिल स्पाइसर यंदा तिचं छोटं विमान विकणार आहे. ज्याचा फोटो सगळ्यांत सरस, त्याच्या हाती ती दरवर्षी काढते ते वर्तुळांच्या फोटोंचं कॅलेंडर सोपवणार, असं तिने काल पबमध्ये जाहीर केलं. तेव्हा तिने माझ्याकडेच पाहिलं. लोर्ना म्हणते, तुझ्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. बायकोला माणसं वाचता येत नाहीत.
कॅलेंडर मिळालं की सासऱ्यांच्या गालिच्यांच्या दुकानाला कायमचा रामराम. माझं सगळं तरुणपण लोकांच्या जिन्यांवर गालिचे ठोकत, गुडघे टेकून गेलं.

९ मे
पॅरामोटर घेतला. सेकंडहँड. पाठीवर इंजिन आणि पंखा, डोक्यावर कापडी छत, मधे दोऱ्याच दोऱ्या. दुकानात सासरे म्हणाले, जावईबापू, पाठीवर ओझं घेऊन उडायचंच आहे, तर तळघरातले गालिच्यांचे रोल वर आणा, सवय होईल. गिऱ्हाईकं हसली. मी साफ दुर्लक्ष केलं.
रोल आणले.

२१ मे
शिकवणी सुरू. उडायला शिकवणारा डेझमंड म्हणाला, धावायचं आणि धावता धावता उडायचं. धावलो.

२२ मे
पाठ धरली.

२३ मे
पाठ.

६ जून
मोसमातलं पहिलं गव्हाचं वर्तुळ! आकाश स्वच्छ, वारा नाही. मी दुकानात. मिसेस पिंचबेकना कुठला करडा गालिचा घ्यावा ते ठरेना. खिडकीतून बेरिलचं विमान जाताना दिसलं.
संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांना समजावलं: आतला गहू एका दिशेला पडलेला आणि बाहेरचं कडं उलट दिशेला, असं वर्तुळ दिसलं की समजावं, हे माणसाचं काम नव्हे. फळीला दोरी बांधून खोटी वर्तुळं पाडणारे टवाळखोर अंधारात एकाच दिशेने तुडवत जातात. सगळे आपापल्या बिअरकडे वळले. पटलं असणार. फक्त रेंडल म्हणाला, माझ्या शेतात कोणी सापडू दे, सुलटा फिरो नाहीतर उलटा, त्याला नांगराला जुंपतो. शेतकऱ्यांना विज्ञानात गोडी नसते.

१९ जून
उडालो! कुंपणापर्यंत. पुढे मुद्दामच गेलो नाही. डेझमंड म्हणाला, दोऱ्यांत अडकलास तर कापायला कंबरेला चाकू बांधत जा. नवशिक्यांना ठीक आहे.

४ जुलै
पहिले हवाई फोटो. सगळ्यांत माझे बूट. बूट अतिशय स्पष्ट आले आहेत.

१५ जुलै
जेवताना सासरे म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही, नाताळापर्यंत दुकान तुझ्यावर सोपवतो, पाटीसुद्धा रंगवायला टाकलीय: टक आणि जावई. लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. ताटातले मटार मोजले.
टक हे त्यांचं आडनाव; पाटीवर माझं नावसुद्धा नाही. मला त्या दुकानातून बाहेर पडायचं आहे. दुसरं काही नको.

२६ जुलै, पहाट
या आठवड्यात रेंडलचं कापणीचं यंत्र फिरणार. आज नाही तर कधीच नाही. पिवळं जाकीट घातलं, म्हणजे आकाशातही लोकांना मी दिसेन. लोर्नाला उठवलं नाही. ती झोपेतच म्हणाली, छत्री ने.

२६ जुलै, दुपार
उतरलो. रेंडलच्या गव्हात, मधोमध. जागा वाऱ्याने निवडली. पट्टे सोडून इंजिन पाठीवरून उतरवलं तर दोऱ्या त्याला आणि माझ्या घोट्याला गुंडाळलेल्या. चाकू घरी. उपाय उघड होता: इंजिनाभोवती फिरून पीळ सोडवायचा. घाण्याच्या बैलासारखा फिरलो, मागून छत फरफटत, गहू आडवा करत. दोरी आखूड होत होत नाक इंजिनाला लागलं, तेव्हा कळलं की दिशा चुकली. मग उलटा फिरलो. दोरी सुटत गेली तसा बाहेरबाहेर, आधीच्या फेऱ्यांच्याही पलीकडे, उभ्या गव्हात.
इतक्यात बेरिलचं विमान. दोन्ही हात वर करून ओरडलो, सोडव! तिने विमानाचे पंख हलवून उत्तर दिलं, दोन घिरट्या घातल्या आणि गेली.
शेवटी बूट काढला. पाय सुटला. हे आधीच सुचलं होतं, पण घाईत राहून गेलं. सगळं लटांबर उचलून ट्रॅक्टरच्या चाकोरीतून बाहेर आलो. मागे खूण ठेवली नाही.
फोटो एकही नाही.

२८ जुलै
पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बेरिलने फोटो भिंतीवर दाखवला. आतला गहू डावीकडे, कडं उजवीकडे. म्हणाली, हे माणसाचं काम नव्हे, याची खूण आपल्याला क्लाइव्हनेच सांगितली होती. टाळ्या. मला उभं राहावं लागलं. मधे कुणी भाविक पिवळ्या जाकिटात हात वर करून उभा होता, धन्य तो, असंही म्हणाली. रेंडलने कापणी थांबवली आहे, फाटकाशी दानपेटी ठेवली आहे. मला म्हणाला, हे माणसाचं निघालं तर नांगर तयार आहे हं.
तोंड उघडलं, त्यात बिअर ओतली.
मग बेरिल म्हणाली, आयुष्यभर याच दिवसाची वाट पाहिली, आता कसलं विमान विकते! हातपाय चालताहेत तोवर उडणार. कॅलेंडर कोणाला देत नाही.
पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या.

३० जुलै
शांतपणे विचार केला. चाललो मी, हे खरं. पण मला चालवलं कोणी? वाऱ्याने नेमकं तिथेच का उतरवलं? चाकू घरी कोणी ठेवायला लावला? लोर्नाला हे सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, मोज्यांतल्या ओंब्या आधी काढ, मशीन तुंबतं.

१४ नोव्हेंबर
रोज लिहायचं राहून गेलं. पॅरामोटर विकला. पाटी लागली.
बेरिलचं कॅलेंडर आलं. मुखपृष्ठावर ते वर्तुळ. सासऱ्यांनी काउंटरसमोर टांगलं, आपल्या गावचा मान म्हणून. दिवसभर डोळ्यांसमोर तेच.
आज एका बाईंनी विचारलं, मधे ते पिवळं काय आहे हो? सासरे चष्मा लावून जवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले. एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, आहे कोणी बिचारा, आत शिरलाय आणि बाहेर कसं पडायचं ते कळत नाहीये. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, जावईबापू, टेप घ्या, बाईंचा जिना मोजून या.
टेप घेऊन गेलो. जिना गोल निघाला.