खंडेनवमीला मांडलेलं इंजीन

मु. कुंभारी, ता. सोलापूर
आश्विन वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप कोंडीबादादांच्या चरणी धाकटा मावसभाऊ हिंदुराव याचा दंडवत. आपली, वहिनीसाहेबांची आणि दारच्या म्हशीची प्रकृती उत्तम असावी अशी मनापासून इच्छा आहे (म्हशीबद्दल तर खरोखरच आहे, तिनं मला कधी सल्ला दिलेला नाही). इकडचं विचाराल तर हातपाय शाबूत आहेत. पिठाची गिरण मात्र बंद आहे आणि ती आपल्या पत्रामुळं बंद आहे, हे नम्रपणे कळवतो.

श्रावणात आपण लिहिलं होतंत की, मिस्त्रीवर विसंबणारा गिरणवाला जन्माचा परावलंबी. यंत्रविद्या ज्याची त्यानं शिकावी, पुस्तक मागवावं, रोज पहाटे तासभर वाचावं, जाणत्याला विचारायला लाजू नये आणि एकदा तरी सगळं यंत्र आपल्या हातानं उघडून पुन्हा जोडावं. वाचून मी भारावलो. कापडाच्या मिलमधली नोकरी सोडून, आमच्या सौ. सोनाबाईच्या पाटल्या मोडून घेतलेलं हे तेलावरचं इंजीन, आणि त्याच्यापुढं मी अडाण्यासारखं उभं राहायचं, हे मला पटेना. (इंजीन तेव्हा उत्तम चालत होतं. हे वाक्य आपण दोनदा वाचावं.)

पुस्तक मुंबईहून व्ही. पी.नं आलं, ते इंग्रजीत. शाळेतल्या मास्तरांकडं नेलं, तर त्यांनी पिस्टन म्हणजे पिस्टन असा अर्थ सांगून चहा घेतला. मग जाणत्याला विचारायला गेलो. सरकीच्या कारखान्यात इंजीन चालवणारे इमामसाब म्हणाले, "चलते इंजन कू कायकू खोलते जी?" जाणती माणसं विद्या लपवतात, असा इशारा आपण पत्रात दिलाच होता, त्यामुळं त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. चित्रांवरून मला एकच गोष्ट नीट कळली. काढलेला भाग काढल्या क्रमानं ओळीत मांडायचा. शेवटी निघालेला आधी बसवायचा. अष्टमीच्या संध्याकाळी सगळं इंजीन गोणपाटावर दारापासून भिंतीपर्यंत शिस्तीत मांडलेलं होतं. दादा, तेवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी सकाळीच सोलापूरला घासलेट आणायला गेलो आणि दुपारी परतलो, तर गिरणीत उदबत्तीचा वास. सोनाबाईनं सगळे भाग चिंचेनं घासून, पुसून, चौरंगावर पूजेला मांडले होते. मोठे मागं, छोटे पुढं, बोल्टांची भोवती महिरप, वर झेंडू आणि जागोजाग हळदकुंकू. दिसत होतं फार छान, खोटं कशाला बोलू? गल्लीतल्या बायका कौतुक करत होत्या. जिनं पाटल्या दिल्या तिनं हात जोडले होते, तिच्यावर ओरडायचं कोणत्या तोंडानं? त्यातून पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. पुस्तकात या सणाचा उल्लेख नाही.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर जोडायला बसलो. जोडून झालं आणि ओंजळभर वस्तू उरल्या. चाक फिरवलं, तर इंजीन एकदा खोकलं, पिवळा धूर सोडून गप्प झालं, ते आजतागायत. इमामसाबना हातापाया पडून आणलं. त्यांनी चहा घेतला आणि उरलेल्यातला एक बोल्ट उचलला (तो म्हणे त्यांच्या इंजिनाला बसतो). बजाबाई दळणाची पाटी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हिंदुराव, ही गिरण हाय का देव्हारा? दळान आता कुटं न्यायचं आमी?" मिलमध्ये जुनी जागा मागायला गेलो, तर माणसं भरणारा जॉबर मला इंजिनेरसाहेब म्हणाला आणि खात्यातली सगळी माणसं हसली.

आता सोनाबाई बजाबाईचंच दळण घरच्या जात्यावर दळून देते. मी पलीकडं पुस्तक उघडून बसतो, पण जात्याची घरघर ऐकू आली की अक्षर लागत नाही. लाज वाटते, दादा. आपला रागही येतो, पण लाज जास्त वाटते.

वहिनीसाहेबांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (म्हणूनच हे झालं),
हिंदुराव

ता. क. – आपल्या गिरणीतलं इंजीन याच बनावटीचं आहे. ते बैलगाडीनं आठ दिवसांकरता इकडं पाठवावं. फक्त उघडून पाहायचं आहे, कोणती वस्तू कुठून निघते ते. यंदाची खंडेनवमी होऊन गेलेली आहे, तेव्हा काळजी नसावी.

आणखी ता. क. – वरचा मजकूर सोनाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "थोरल्या भावजींचं चाललंय, त्येवढं तरी चालू द्या की." तेव्हा इंजीन पाठवू नये. आपल्याकडं पोती उचलायला माणूस हवा असल्याचं कळलं. मला ठेवून घ्यावं. रात्री पोत्यांवरच निजेन. इंजिनाच्या खोलीला मात्र कुलूप लावावं, आणि मी कितीही गोड बोलून मागितली तरी किल्ली देऊ नये.