काळजी संध्याकाळी करावी

जवाहर नगर, जयपूर
एप्रिल २००६

सौ. जयंतीताईस,
इंदूचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, कारण डावा हात अजून पुरता वर जात नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी अजून चोरून साखर खातात का?

ताई, आधी खाली बस. फेब्रुवारीतलं माझं ऑपरेशन तुला अपेंडिक्सचं म्हणून कळवलं, ते छातीतल्या गाठीचं होतं. गाठ कॅन्सरची निघाली. ती काढली, आता केमोची सलाइनं चालू आहेत, आणि डॉक्टर बरं बोलतात. तुला सांगायचं नाही हे आमच्या ह्यांनी ठरवलं, कारण काळजी करण्यात तुझा हात धरणारं आपल्यात कुणी नाही (दाजींना शिंक आली तरी तू देव पाण्यात घालून बसतेस).

इथे दवाखान्यात आमच्यासारख्यांना मन शांत ठेवायला शिकवतात. उत्कर्षा मॅडम म्हणून एक तरतरीत पोरगी आहे. ती म्हणाली, दिवसभर चिंतेशी झगडायचं नाही, तिला संध्याकाळी अर्धा तास द्यायचा. अवेळी आली तर सांगायचं, "शाम को आना." ह्यांना हे फारच पटलं. (विमा कंपनीत जन्मभर लोकांना काळजी करायला लावून पॉलिसी विकल्या, आता घरातली काळजी वेळापत्रकात बसवतात!) गच्चीत खुर्ची मांडली, समोर घड्याळ घेऊन बसले आणि म्हणाले, "हं, कर सुरू." अशी कुठे येते का गं काळजी? शेवटी लाजेखातर मी सिलिंडरची केली. तेवढ्यात शेजारच्या भाभीजी कचोऱ्या घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, "मैं भी कर लूँ?" त्यांनी सुनेची केली, तीही पाऊण तास. आता गल्लीतल्या आणखी दोघी येतात. मी त्यांना चहा करते. तन्मय शाळेतून आला की खालूनच ओरडतो, "मम्मी, तुझी चिंता झाली का? मतलब, मला भूक लागलीय."

खरी काळजी येते सकाळी, कंगवा हातात घेते तेव्हा. केस तर राहिले नाहीत, पण सवय जात नाही. तिला संध्याकाळी ये म्हणते, तर ती तिथेच बसून राहते. सांगू कुणाला? जो तो म्हणतो, सब ठीक हो जाएगा. घरच्यांनी रडवेलं तोंड दाखवू नये असं ह्यांना उत्कर्षा मॅडमच्या वर्गात सांगितलंय, म्हणून हे न्हाणीघरात नळ सोडून बसतात. जयपुरात मुळात पाण्याची बोंब! तुझी फार आठवण येते गं.

दाजींना नमस्कार.
तुझी,
इंदू

ता. क. पत्र वाचून लगेच निघू नकोस. इथलं ऊन सोसायचं नाही तुला. मी ठणठणीत आहे.

आणखी एक. निघालीसच तर मेतकूट आण.

शेवटचं. मी ठणठणीत नाही. ताई, ये. दारातच गळ्यात पडून "आता कसं गं व्हायचं तुझं?" म्हणून मोठ्याने रड. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू रडायला लागलीस की तुझी समजूत मलाच घालावी लागते, आणि तुला घालता घालता ती मलाही पटते.