चिंदी अजून निळीच

११ डिसेंबर २०१५, अकोला

परवाना निघाला. वनखात्यातल्या श्रावणने फोनवर दुजोरा दिला. हिवरखेडच्या शिवारात हरभरा फस्त करणारे रोही मारायचे. मारणारा एकच — मी! बाकीच्या लायसनवाल्यांनी अंग काढून घेतलं.

बायको, खातूनबी, म्हणाली, "आपकाच नाम कायकू?"

म्हणालो, पंजाबरावाचं निम्मं पीक गेलंय. शाळेपासूनचा दोस्त आहे.

तिनं पुन्हा तेच विचारलं.

१२ डिसेंबर

रायफलीला नवी नळी बसवली आहे. आधी ती रुळवायची — एक गोळी झाडायची, नळी पुसायची, पुन्हा एक. आतून खडबडीत असते तोवर गोळीचं तांबं चिकटतं आणि औषध लावलेली चिंदी निळी निघते. पांढरी निघाली की नळी तयार. त्याआधी जनावरावर झाडली तर ते जखमी होऊन पळायचं.

आज क्लबच्या रेंजवर सगळ्या चिंद्या निळ्याशार. तेवढेच दिवस मिळाले, बरं वाटलं!

१४ डिसेंबर

हिवरखेड. चहाच्या टपरीवर ओमप्रकाशने परवाना मोठ्यानं वाचला. परवान्यासाठी गावानं केलेल्या अर्जावर पहिली सही त्याचीच.

"आमी त रोही मारा म्हनलं होतं, बशीरभाई. इथं त नीलगाय लिहून हाय!"

"एकच जनावर ते."

"मले सांगून काय फायदा? गाय ते गाय. तुमी मारा ना — आमी फोटो काढतो!"

सगळे हसले. पंजाबराव सोडून.

तीस वर्षं पेपरात काढली. अशा फोटोखाली काय ओळ जाते, मला ठाऊक आहे. नाव माझं असेल, शेत कुणाचं ते नसेल.

"नळी रुळायची आहे अजून," एवढंच म्हणालो.

१७ डिसेंबर

पाच गोळ्या, वाटीएवढ्या जागेत. चिंदी पांढरी.

पंजाबरावाचा फोन. "झाली का तयार?"

"नाही. निळीच येते."

पाच मिनिटांत बातमी लिहून द्यायचो. हे एक वाक्य जड गेलं.

१८ डिसेंबर

पुन्हा पांढरी. उगाच आणखी चार झाडल्या.

२० डिसेंबर

पंजाबराव न सांगता घरी आला. टेबलावर रायफल, शेजारी चिंदी — पांढरीशुभ्र. मी काही बोलायच्या आत त्यानं ती उचलली, उजेडात धरली, घडी करून खिशात घातली.

"अजून निळीच हाय, बशीरभाई."

उद्या टपरीवर तो हेच सांगणार. आणि रोही पुन्हा त्याच्याच हरभऱ्यात उतरणार.