आयझिरेकला नान द्या

आपा,

फडक्यात गरम नान गुंडाळून ठेवलाय. बाजारातून आलात की आयझिरेकला द्या. हो, मीच सांगतेय. दूधही द्या.

ज्या लेखावर विसंबून मी दोन वर्षं पोरीचं गहू-दूध तोडलं, त्याच्या वरच्या चारच ओळी फुकट वाचता येत होत्या. पुढचं विकत, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं. परवा हिय्या करून तो लेख लिहिणाऱ्या बाईंनाच ईमेल केला. त्यांनी काल अख्खा लेख फुकट पाठवला. शेवटी स्पष्ट लिहिलंय, त्या पथ्याने आपल्या आयझिरेकसारख्या ऑटिझमच्या मुलांत काहीच फरक पडला नाही.

आपल्या दारातून परकासुद्धा नान चाखल्याशिवाय जात नाही. आणि नवरोजच्या सणाला तुम्ही तिला दिलेला तुकडा मी पाहुण्यांसमोर तिच्या तोंडात बोटं घालून काढला. वर तुम्हाला, माझ्या सासूला, मी चारचौघांत ‘अडाणी’ म्हणाले.

आज सकाळी मी स्वतः तिच्यापुढे तुकडा धरला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

तुमच्या हातून खाईल. मी संध्याकाळपर्यंत घरी येत नाही. माझ्यासमोर ती खाणार नाही.

मीरगुल