किमयाची बारीक पूड

१२ जानेवारी
किमया आली! कासू ठेसनाला गाडीतून उतरून चालत आली, पाठीवर ओझं. ओझं कसलं, तर कॉलेजातला दगडी खल! म्हणते, "आजे, पूड तीन तास घोटायची हाय, तुझ्या ओटीवर बसते." पोर पीएचडी करते आणि खल घेऊन बसली! शेजारची धोंडुबाई कुंपणावरून — "कॉलेजात दळण शिकवतात काय गो?" म्हटलं, व्हय, तुझ्या सुनेलाही धाड!

खल आधी मीच घासून दिला, चकचकीत.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण सगळं विचारलं. काळी पूड, मँगनीजची. भट्टीत जास्त तापवली की दाणा मोठा, लोहचुंबकाकडे धावतो. कमी तापवली की बारीक, त्याला ओढ कमी. का गो? तिनं माझ्या सुपातले वाल उचलले. "लहान वालाला साल जास्त, गर कमी. चुंबकाचा जोर गरात असतो, सालीत नुसता गोंधळ." कळलं! चाळीस वर्षं मिठागरात काढली मी, दाण्याचं मला कळायचं नाय?

चुंबक इथंच फळीवर विसरून गेली.

२ फेब्रुवारी
किमयाचा फोन. इथं घोटलेली सगळ्यात बारीक पूडच चुंबकाकडे सगळ्यात जोरात ओढते! उलटंच! तिचे सर म्हणाले, "हे आजवर कुणाला सापडलं नाही!" सतरा तारखेला लेख परदेशी धाडणार. धोंडुबाईच्या हातावर साखर ठेवली. पोरीचा आवाज मात्र बसलेला. थंडी बाधली असेल.

९ फेब्रुवारी
तवा घासून घासणी फळीवर टाकली. चुंबकाला चिकटली! लोखंडी तारेची घासणी.
खल ह्याच घासणीनं घासला होता मी. आत काळा ओरखडा उठला होता, पुसला तरी गेला नव्हता. तारच घोटली गेली पुडीत. म्हणून ओढते!
सांगू? सर एवढे खूश. नाव होणार पोरीचं.

१० फेब्रुवारी
नाय सांगितलं. जेवण गेलं नाय.

११ फेब्रुवारी
सांगितलं. फोन लावून, घासणीचं सगळं. पोर एवढंच म्हणाली — "ठेवते आजे."
माझ्या हातानं पोरीचं वाटोळं केलं.

१५ फेब्रुवारी
आली! दारातच मिठी. कॉलेजात नव्या खलात नवी पूड घोटली, मोजली — बारकीला ओढ कमीच, वालासारखी! लेख थांबवला. सर दोन दिवस बोलले नायत, आज म्हणाले, "खरं आहे तेच लिही." देवा, तुझे उपकार. सरांचेही. वालाच्या डाळिंब्यांची आमटी केली, तीन वाट्या प्यायली पोर!

१६ फेब्रुवारी
निघताना उंबऱ्यावर थांबली. "आजे, पुडीत तारेचा तुकडा मला मोजलं त्याच दिवशी दिसला होता. सर इतके खूश... तोंड उघडेना. तू फोन केलास, मग उघडलं."
घासणी टाकली नाय मी. खुंटीला लावलेय.