मागील वहीवरून

मंगळवार, १२ मार्च
वर्कशॉपची मागची खोली

दादा,

तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. सात महिने आपण बोललो नाही तरी वहिनीकडून सगळं कळतं. तुझा गुडघा पुन्हा धरलाय. आईचं डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि आता तिला तुमच्या स्वयंपाकघरातली ओल स्पष्ट दिसते, त्यामुळे घरात कुणाची धडगत नाही. चिमणीने मला पायलटच्या लायसन्सचा फोटो पाठवला. फोटोत ती बाबांसारखी दिसते, हनुवटी वर करून, जणू सगळी धावपट्टी तिच्याच नावावर आहे. मी तिला नुसता अंगठा पाठवला. आत्या म्हणून ते फारच कमी झालं.

माझं म्हणशील तर वर्कशॉपच्या पत्र्याखाली कबुतरं झाली आहेत आणि मी दिवसातून दोनदा ओला फडका फिरवते. तू वहिनीकडून निरोप पाठवला होतास, "विमान म्हातारं नाही झालं, ती झाली." झोंबलं. पण तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, गेल्या काही महिन्यांत मी चिडकी झाले आहे. मला सगळ्याची किळस येते. हात धुऊन धुऊन साबण संपतो.

रबरस्टँपने तुझ्या विमानाची वार्षिक तपासणी करून दिली हे कळलं. त्याला सगळे रबरस्टँप का म्हणतात हे तुला ठाऊक असूनही तू त्याच्याकडे गेलास, कारण मी सही देत नव्हते. काल मी हँगरमध्ये जाऊन बघितलं. पंखाखालच्या झाकणांच्या स्क्रूंवरचा रंग जसाच्या तसा आहे. एकाही स्क्रूला पेचकस लागलेला नाही. पण फॉर्मवर लिहिलंय, 'पंख आतून तपासला, समाधानकारक.' फॉर्मवर त्याच्या चहाच्या कपाचा गोल डागही आहे. बाहेरून त्याने पॉलिश मात्र इतकं केलंय की त्यात मला माझं तोंड दिसलं. ते बघूनही किळसच आली.

रविवारी चिमणी पहिल्यांदा हे विमान घेऊन जाणार आणि शेजारी वहिनी बसणार, हे आईने सांगितलं. मी फोन ठेवला आणि पाना घेऊन हँगरकडे निघाले.

म्हणून आता सांगते, आणि ओरडायचं असेल तर वाचून झाल्यावर ओरड. आज दुपारी मी तुझ्या विमानाचा डावा पंख उतरवला. वॉचमन आणि पेंटर, दोघांना धरायला बोलावलं. तुला विचारलं नाही. पंख दोन लाकडी घोड्यांवर गादी टाकून ठेवलाय, ओरखडाही नाही. बोल्ट, नट, वॉशर सगळं एका डब्यात आहे आणि डबा माझ्या कपाटात आहे.

आत उंदराचं घरटं निघालं. सीटचा कापूस, नकाशाचे तुकडे, आणि तो वास. पेंटर नाक धरून बाहेर पळाला. मला वाटलं, मिळालं कारण! उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं, हे तुलाही माहीत आहे. सगळं खरवडून काढलं, पुसलं. खाली धातू कोरा होता. मग मुख्य स्पारकडे वळले, तू चिमणीला 'पंखातला वासा' म्हणून सांगायचास तो. बोल्टची भोकं साफ केली, लाल रंग लावला, थांबले, पुसला, वर पांढरी पावडर मारली. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. मी भिंग घेऊन तासभर बघितलं. पुन्हा सगळं धुतलं आणि पुन्हा बघितलं.

रेघ नाही, दादा. एकही नाही.

आणि माझा चेहरा पडला. वॉचमन म्हणाला, "काय ताई, वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही, चांगलं आहे." तो म्हणाला, "मग रडताय कशाला?"

सात महिने मी वहिनीकरवी तुला खोटी कारणं पाठवत होते. कधी गंज, कधी पट्टा, कधी टायर. तुला वाटलं, बाबांनी विमान तुला दिलं आणि हत्यारं मला, त्याचा राग मी काढते आहे. मी ते तसंच वाटू दिलं, कारण खऱ्या कारणापेक्षा ते सोपं होतं. आज मी त्या पंखात तडा मागत होते. ज्या विमानात आपली पोर बसून फिरली, त्याच्या पंखात तडा निघावा म्हणून भिंगाला डोळा लावून मनात याचना करत होते. तडा निघाला असता तर विमान आपोआप मोडीत गेलं असतं आणि हे पत्र मला लिहावंच लागलं नसतं.

सोबत एक जुनी हिरवी वही पाठवते आहे. ती विमानाची पहिली लॉगबुक आहे. तुला सांगितलं होतं की ती वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं तेव्हा भिजून गेली. भिजली नव्हती. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत, रिव्हेटच्या डब्यांखाली होती.

बावीस वर्षांपूर्वी उड्डाणाचे तास मोजणारं मीटर बंद पडलं आणि बाबांनी नवं बसवलं. त्याच आठवड्यात ही वही भरली आणि दुसरी सुरू झाली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर छापलेलंच असतं, 'मागील वहीवरून आणलेले तास'. नवी वही मी लिहायला घेतली. नुकतंच मेकॅनिकचं लायसन्स मिळालं होतं, अक्षराची फार हौस. मीटर बघितलं, शून्य होतं. मी सुबक अक्षरात शून्य लिहिलं. बाबांनी न वाचता खाली सही केली, कारण लिहिणारी मी होते.

वर्षभराने माझ्या लक्षात आलं की जुन्या वहीतले सगळे तास त्या शून्यात गेले. बाबांकडे गेले तर ते पाना पुसत म्हणाले, "आता खोडलंस तर आपण दोघंही घरी बसू. स्पारची मर्यादा सहा हजार तासांची आहे, अजून कितीतरी वर्षं आहेत. वेळ आली की बघू." मग ते जेवायला गेले. मीही गेले. इतकंच झालं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढासाच वेळ लागला.

वेळ आली तेव्हा बाबा नव्हते. नव्या वहीत दोन हजार पाचशे ब्याऐंशी तास झाले त्या दिवशी खरे सहा हजार भरले. मला तारीख माहीत होती, मी महिनाभर आधीपासून मोजत होते. त्या दिवशी मी तुझ्या विमानाचं ऑइल बदललं आणि काही बोलले नाही. त्यानंतर तीन वार्षिक तपासण्यांवर माझी सही आहे. रबरस्टँप निदान आळशी आहे. मी झाकणं उघडली, आत टॉर्च मारला, सगळं नीट बघितलं आणि मग खोटं लिहिलं.

आता सर्वांत घाणेरडं लिहिते, म्हणजे मागे काही उरायला नको. तू उडवत होतास तोवर मी सही करत राहिले. 'विमान याला मिळालं, मग त्याचा धोकाही यालाच,' असंही कधी मनात येऊन गेलं. चिमणी उडवणार म्हणालास तेव्हाच माझा हात थांबला. तुझ्यासाठी तो थांबला नाही. मी तुझी सख्खी बहीण आहे आणि तो थांबला नाही. शिवाय सहा हजार भरल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत मागच्या सीटवर चिमणी किती वेळा होती, ते मी आज वही उघडून मोजलं. एकतीस वेळा.

तू म्हणशील, तडा नाही ना, मग उडवू दे. नको. तडा भिंगाला दिसतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो, म्हणून तर तासांची मर्यादा घालतात. शेवटचा तास कुठला होता हे धातू आधी सांगत नाही. पंख परत लावायचा नाही. स्पार मधोमध कापून टाकायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या विमानात जाणार नाही. नियमच आहे तसा. पण विमान तुझं आहे, तेव्हा कापायला तू ये. पंखाचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो आणि मला तिथे वॉचमन नको आहे.

विमान खात्याला मी संध्याकाळीच सगळं लिहून कळवलंय, बाबांचं नाव घेऊन आणि माझं नाव घेऊन. माझं लायसन्सही त्याच लखोट्यात घातलं. बाबांचं नाव घेताना जड गेलं, माझं घेताना तेवढं नाही. आईला मी स्वतः सांगेन, तू सांगू नकोस. चिमणीला मात्र तूच सांग. आत्याने पंख काढला एवढंच सांगू नकोस, का काढला तेही सांग. ती रागावली तर रागावू दे, ती जमिनीवर असेल.

वहिनीला नमस्कार. तुझ्या गुडघ्याला शेक देत जा.

बावीस वर्षांपूर्वी नव्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहायला हवं होतं ते आज लिहिते, आणि त्याखाली सही करते.

मागील वहीवरून आणलेले तास : ३४१८
या वहीतले तास : २९७७
एकूण : ६३९५

लिहिणारी,
तुझी धाकटी